पाचशे साठ किलोंत चौघं

६ ऑक्टोबर, रविवार

डायरी लिहायची सवय मला नाही. पण मोठा प्रकल्प हाती घेतला की पहिल्या दिवसापासून त्याची नोंद ठेवावी, असं मी गेली सव्वीस वर्षं बँकेत इतरांना सांगत आलोय, तेव्हा आता स्वतःला सांगतो. चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात माझं काम धोके ओळखण्याचं. धोका दिसला की तक्त्यात भरायचा, त्याला लाल-पिवळा-हिरवा रंग द्यायचा आणि वर पाठवायचा. पुढे त्याचं काय होतं ते मला माहीत नाही.

प्रकल्प असा. डिसेंबरात पंधरा दिवस आम्ही चौघांनी मलेशियात भटकायचं, आणि हॉटेलात एक रात्रही राहायचं नाही. मागे चाकांवरचं घर ओढत न्यायचं, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. त्यात पलंग, ओटा, टेबल, पडदे, सगळं. ट्रेलर पुलापलीकडे, मलेशियातल्या जोहोरमध्ये भाड्यानं मिळतो. पण तो ओढायला गाडी आपली लागते, आणि ती लेचीपेची चालत नाही. पिकअप ट्रक लागतो. तो घ्यायचा.

मीनलला जेवताना सांगितलं. वरण वाढता वाढता तिचा हात थांबला.

"नऊ वर्षांपूर्वी गाडी विकलीस तेव्हा म्हणालास, सिंगापुरात गाडी ठेवणं म्हणजे हत्ती पाळणं. आणि आता ट्रक?"

"हत्ती पाळायचाच तर निदान ओंडके ओढणारा पाळावा," मी म्हणालो. मला हे उत्तर आवडलं. तिनं वरण माझ्या भाताच्या शेजारी वाढलं.

अनीशला सात जानेवारीला सैन्यात दाखल व्हायचंय. इथं कायम रहिवासी झालेल्यांच्या मुलांना अठरा पूर्ण झाली की दोन वर्षं द्यावीच लागतात, त्यात विशेष काही नाही. सहलीचा त्याच्याशी संबंध नाही, हे इथं स्पष्ट नमूद करून ठेवतो. डिसेंबरात हवा बरी असते म्हणून डिसेंबर. (मीनल म्हणते पाऊस असतो.)

१३ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर अभ्यास केला. बावीस व्हिडिओ पाहिले. आता मला कळलंय की ट्रक घेणारी शंभरातली नव्वद माणसं मूर्ख असतात. ती विचारतात, ट्रक किती ओढतो? साडेतीन टन, असं ऐकलं की खूश. खरा प्रश्न हा, की ट्रक किती पेलतो? ओढणं वेगळं, पेलणं वेगळं. ट्रेलर चाकांवर असला तरी त्याचं पुढचं टोक ट्रकच्या मागच्या हुकावर टेकलेलं असतं. ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो. त्याला नोज वेट म्हणतात. ते वजन, शिवाय आत बसलेली माणसं, शिवाय सामान, हे सगळं मिळून पेलोड. गाडीच्या मर्यादेवर एक किलो गेला की संपलं.

हे मी अनीशला डायनिंग टेबलावर चमचा आणि मिठाची बरणी घेऊन समजावलं. चमचा म्हणजे ट्रेलर, बरणी म्हणजे ट्रक. त्याची ए-लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा तोंडावर आलीय, समोर केमिस्ट्रीचं पुस्तक होतं. मान वर न करता "ओके बाबा" म्हणाला. हल्ली त्याच्या तोंडून दिवसाला साधारण चार शब्द निघतात, त्यांतले दोन मला मिळाले.

दुपारी उबीला मिस्टर चिया यांच्याकडे गेलो. जुने ट्रक विकतात. साठीचे, पायात सपाता, वाक्याच्या शेपटाला इथला 'लाह', हातात कायम कॉफीची पिशवी (इथं पार्सल कॉफी प्लास्टिकच्या पिशवीत नळी घालून देतात). एक पांढरा डबल कॅब, म्हणजे दोन ओळी सीटांचा, दाखवला. आधी एअरकॉन दुरुस्त करणाऱ्याकडे होता, त्यानं मागे लोखंडी रॅक आणि पेट्या ठोकून घेतल्यात. दारावर बाहेरच्या बाजूनं गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं वजन रंगवलेलं असतं, सरकारी नियमच आहे. वजाबाकी केली: पाचशे साठ किलो.

"व्हॉट यू कॅरी, बॉस?"

"फॅमिली," मी म्हणालो.

"फॅमिली नॉट पेलोड, लाह. फॅमिली इज पॅसेंजर."

या धंद्यात इतकी वर्षं काढूनही माणसाला मूलभूत गोष्ट ठाऊक नसावी, याचं आश्चर्य वाटलं. त्यांना मी नोज वेट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कॉफी संपवली.

२० ऑक्टोबर, रविवार

आज वजनं घेतली. या कामात आमच्यासारखी माणसं जगात नाहीत, हे मी अभिमानानं लिहितो. दरवर्षी पुण्याहून परत येताना तेवीस किलोंच्या बॅगा मी अशा भरतो की विमानतळावरच्या काट्यावर बावीस पूर्णांक नऊ दिसतात. भाजणी, गोडा मसाला, कोकम, आंबापोळी आणि मीनलच्या बहिणीनं ऐनवेळी दिलेलं लोणचं धरून. वीस वर्षांत जादा वजनाचा एक डॉलर भरलेला नाही. हातात धरायचा लगेज काटा माझ्या ऑफिसच्या बॅगेत कायम असतो.

मी स्वतः चौऱ्याऐंशी. श्रिया छप्पन. ती म्हणाली, "बाबा, यू आर वेइंग अस लाइक कार्गो." मी म्हटलं, कार्गोची नीट काळजी घेतात. मीनल काट्यावर चढायलाच तयार नाही. "एकसष्ट लिही," म्हणाली आणि आत गेली. लिहिलं. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर माणूस असे आकडे तपासत नाही.

अनीश कानात हेडफोन तसेच ठेवून उभा राहिला. अडुसष्ट. याच्या पहिल्या वाढदिवसाला मीनलच्या आईनं नवस फेडायला गूळतुला केली होती, तेव्हा साडेनऊ किलो गूळ लागला होता. काट्यावरून उतरताना त्यानं एक हेडफोन काढला.

"बाबा, फील्ड पॅक किती हेवी असतो, यू नो?"

"कसला पॅक?"

"आर्मीचा. ट्वेंटी-प्लस किलो, दे से."

"ते तिकडचं तिकडे बघू. आधी माझा पाचशे साठचा प्रश्न सुटू दे."

"ओके," म्हणाला. हेडफोन परत घातला.

एकूण हिशेब: माणसं दोनशे एकोणसत्तर. नोज वेट एकशे नव्वद. हूक आणि त्याचा सांगाडा तीस. बॅगा प्रत्येकी दहा. खुर्च्या-ताडपत्री पंचवीस. मीनलचं स्वयंपाकघर अडतीस (दोन कुकर, बिडाचा तवा, मिसळणाचा डबा आणि "लागेल" या सदराखाली अकरा किलो). बेरीज पाचशे ब्याण्णव. बत्तीस किलो जास्त. मन खट्टू झालं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. दिवाळी.

सकाळी फराळाला प्रताप आला होता. मराठी मंडळात खजिनदार आहे, आणि ज्या विषयातलं काही कळत नाही त्यात त्याचं मत सर्वांत ठाम असतं. म्हणाला, "दीनानाथराव, मोठाच ट्रक घ्या ना. बत्तीस किलोंसाठी काय रडताय?" त्याला सांगितलं की प्रश्न बत्तीस किलोंचा नाही, शिस्तीचा आहे. त्यानं सातवी चकली घेतली. त्याच्यासारखा माणूस बरोबर असता तर ट्रेलर जागेवरून हलला नसता.

तेवढ्यात श्रियानं बातमी दिली. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळाली, दोन डिसेंबरपासून. पहिले सहा महिने रजा नाही. रोजची ये-जा लांब पडते म्हणून क्लेमेंटीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेणार, तीस नोव्हेंबरला राहायला जाणार. प्रतापनं अभिनंदन केलं. मीनल उठून चकल्या तळायला गेली, खरं तर डबा भरलेला होता. डोळे पुसत होती. तेलाचा धूर होतो, स्वयंपाकघराचा पंखा बदलायला हवा.

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. श्रिया छप्पन, तिची बॅग दहा. सहासष्ट किलो कमी! म्हणजे पाचशे सव्वीस. चौतीस किलो शिल्लक! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी याहून शुभ काय असणार? शिवाय तिची खोली मोकळी होतेय, त्यात खुर्च्या आणि ताडपत्री ठेवता येतील.

१० नोव्हेंबर, रविवार

चौतीस किलो नुसते वाया घालवायचे नाहीत. जोहोरवाल्याकडे आणखी एक ट्रेलर आहे, त्यात न्हाणीघर आहे. तो भरल्यावर तेवीसशे किलो, म्हणजे नोज वेट दोनशे तीस. बेरीज पाचशे सहासष्ट. फक्त सहा किलो जास्त.

मीनलला म्हटलं, बिडाचा तवा आणि एक कुकर ठेव घरी. यावर ती जे बोलली त्यातला काही भाग मी लिहीत नाही. लिहिण्याजोगा भाग असा: "अनीशला यायचंय का, विचारलंस?"

"विचारायचं काय? तो तक्त्यात चौथ्या ओळीत आहे."

कॉन्डोच्या व्यवस्थापनाचं पत्रही आलं. मालवाहू वाहन रहिवाशांच्या पार्किंगमध्ये ठेवता येणार नाही. मी तीन पानी उत्तर पाठवलंय. ट्रक मालवाहू आहे हे खरं, पण माल कोणता यावर त्याचा स्वभाव ठरतो, असा माझा मुद्दा आहे.

सहलीच्या धोक्यांचा तक्ताही पूर्ण झाला. एकूण सत्तेचाळीस. टायर फुटणं, हूक निसटणं, सीमेवर रांग, भूस्खलन, शेवटचा माकडं. श्रियानं बॅग भरता भरता वाचला. म्हणाली, "बाबा, 'नोबडी कम्स' नॉट इनसाइड." मी हसलो. शक्यता नगण्य असलेले धोके आम्ही धरत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

अनीशची परीक्षा संपली. मिस्टर चिया पुढचे दोन टायर बदलून देणार.

१ डिसेंबर, रविवार

काल श्रियाला क्लेमेंटीला सोडून आलो. टॅक्सीत तिच्या चार बॅगा. मी चारही लगेज काट्यावर घेतल्या, ती हसली, मग एकदम तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली. मुली मोठ्या झाल्या की त्यांचा काही अंदाज येत नाही.

आज सकाळी साडेसहाला अनीश बूट घालून दारात उभा. रोज ईस्ट कोस्ट पार्कात पळायला जातो म्हणे. कधीपासून, ते मला माहीत नव्हतं. दाराशीच विचारलं, सहलीचं नक्की ना?

तो बुटाची नाडी बांधत राहिला. ती आधीच बांधलेली होती.

"बाबा, आय डोन्ट थिंक आय कॅन. ट्रेनिंग आहे. पंधरा दिवस गाडीत बसलो तर आय डाय. आधीच लास्ट पळतो मी." मग म्हणाला, "यू कम लाह. पळायला. विथ मी. जस्ट टुडे."

मी म्हटलं, दहाला मिस्टर चियांची वेळ घेतलीय, हुकाचं वेल्डिंग बघायचंय.

"दहाला," तो म्हणाला. "आता साडेसहा."

"तयारी लागते," मी म्हणालो. आणि तयारी लागतेच.

तो गेल्यावर तक्ता उघडला. अडुसष्ट आणि दहा, अठ्ठ्याहत्तर कमी. चारशे अठ्ठ्याऐंशी. आता न्हाणीघरासह बहात्तर किलो शिल्लक, तवा आणि दोन्ही कुकर ठेवूनसुद्धा. मीनलला ही आनंदाची बातमी द्यायला स्वयंपाकघरात गेलो. तिनं पोळी तव्यावर जळू दिली. बिडाच्याच तव्यावर.

५ डिसेंबर, गुरुवार

मीनल येत नाही. तिच्या ऑफिसात वर्षअखेरीचं काम आहे, हिशेब बंद करायचेत. ते दरवर्षीच असतं, मी म्हणालो. "दरवर्षी अनीश घरी असतो," ती म्हणाली. याचा एकमेकांशी काय संबंध, हे विचारलं तर भाजणी भिजवायला गेली. आठवडाभर रोज त्याच्या आवडीचं काहीतरी करतेय. आज थालीपीठ, काल बटाटेवडे. त्याचं वजन वाढेल, असं मी म्हणालो, तेव्हा मीनलनं त्याच्या ताटात आणखी एक वाढलं.

एकसष्ट, दहा आणि अडतीस गेले. बेरीज तीनशे एकोणऐंशी. एकशे एक्क्याऐंशी किलो शिल्लक!

८ डिसेंबर, रविवार

जोहोरवाल्याकडचा सर्वांत मोठा ट्रेलर आता बसतो. तीन टन, नोज वेट तीनशे. सहा माणसांचा आहे, दोन पलंग, गोल सोफा, न्हाणीघर, मागे छोटी गच्ची. बेरीज चारशे एकोणपन्नास. तरीही एकशे अकरा किलो मोकळे. दोन महिन्यांत पहिल्यांदा सर्वांत मोठा ट्रेलर धरूनही तक्त्याचा शेवटचा चौकोन हिरवा राहिला.

बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. ओळ पहिली, दीनानाथ, चौऱ्याऐंशी. ओळ दुसरी, शून्य. तिसरी, शून्य. चौथी, शून्य. कुठेतरी सूत्र चुकलंय असं वाटत राहिलं. तीनदा तपासलं, सूत्र बरोबर आहे. मग हिरव्याचा आनंद का होत नाही, ते कळलं नाही. आनंदाच्या वेळी मला कधीकधी पित्त होतं, तसं असेल.

शनिवारी जाऊन ट्रकचे पैसे भरायचे आणि हा विषय संपवायचा.

१४ डिसेंबर, शनिवार

ट्रक विकला गेला. काल एक मासळीवाला आला, फेरी मारली आणि घेऊन गेला.

"ही नेव्हर आस्क पेलोड," मिस्टर चिया म्हणाले. "ही जस्ट पुट फिश."

मी त्यांना म्हटलं की मी दोन महिन्यांत आठ वेळा आलो, तुम्ही माझी वाट बघायला हवी होती. त्यांनी माझ्यासाठीही कॉफीची पिशवी मागवली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. तुझी फॅमिली कधी जाणार होती, विचारलं. मी सांगितलं, मी एकटाच. ते कॉफी ढवळत राहिले.

"अलोन? देन बाय मोटरबाइक, बॉस."

मग विचारलं, मुलगा कुठंय. सात तारखेला दाखल होतोय, सांगितलं. ते एकदम खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांचा मुलगा सहा वर्षांपूर्वी असाच टेकाँग बेटावर सैन्याच्या प्रशिक्षणाला गेला होता. "आय बिझी. सेलिंग लॉरी. ही गो टेकाँग विथ द मदर. आय थिंक, नेव्हर माइंड, टू वीक्स ही कम बॅक." त्यांनी खांदे उडवले. "कम बॅक, लाह. बट कम बॅक अनदर पर्सन. द ओल्ड वन, आय नेव्हर सेंड ऑफ."

हे सगळं त्यांनी ट्रकचा जुना टायर लाथाडत सांगितलं. बसनं घरी आलो. वाटभर मला ती पिशवीतली कॉफी संपवता आली नाही.

आता लिहितो ते खरं लिहितो, ही डायरी कुणी वाचणार नाही. मला अनीशची भीती वाटते. तो जाणार याची भीती वाटते, आणि तो जायच्या आधी त्याच्याशी काय बोलायचं ते मला येत नाही. पंधरा दिवस एका डब्यात बसवलं असतं तर कधीतरी आपोआप बोलणं झालं असतं, असा माझा हिशेब होता. तीन टनांचा डबा.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी बूट घालून दारात उभा राहिलो. अनीश खोलीतून आला, मला बघून थबकला.

"बाबा, ट्रक?"

"मासळीवाल्यानं नेला."

तो हसला नाही, पण हसू दाबताना त्याच्या गालाला खळी पडते ती पडली.

मी नऊशे मीटर पळालो. त्यानंतर जे केलं त्याला पळणं म्हणता येणार नाही. शेवटी समुद्राकडे तोंड करून बाकावर बसलो, तोही येऊन बसला. दूर जहाजं उभी होती, आणि तो न विचारता बोलायला लागला. पळणं जमेल, ओरडणंही चालेल, पण तो फील्ड पॅक. वीस किलोंच्या वर. मित्राचा भाऊ पहिल्याच रूट मार्चमध्ये पडला आणि सगळे बघत राहिले. "व्हॉट इफ आय कान्ट कॅरी, बाबा? सगळे कॅरी करतात. फक्त मी नाही, हाउ?"

एखाद्या चांगल्या बापानं इथं धीर दिला असता. माझ्या डोक्यात फक्त पेलोड होता, तेच बाहेर आलं. मी म्हणालो, वजन किती हा अर्धाच प्रश्न, ते ठेवलंय कुठं हा दुसरा अर्धा. ट्रेलरमध्ये जड सामान मागे लोटलं तर तो शेपटासारखा हलतो आणि ओढणाऱ्याला आडवं पाडतो. पॅकचंही तसंच, जड वस्तू पाठीला चिकटून, जरा वर, आणि हललं नाही पाहिजे. बाकी हलकं बाहेरच्या बाजूला. आणि एकदम वीस किलो कशाला? रोज थोडं वाढवायचं, पाठीला सवय लागते.

तो माझ्याकडे वळला. "यू अॅक्चुअली नो दिस."

"बावीस व्हिडिओ पाहिलेत," मी म्हणालो.

मग हॉकर सेंटरला जाऊन दोघांनी कॅरट केक खाल्ला. त्यात गाजर नसतं, मुळा असतो, हे मला वीस वर्षांनी पहिल्यांदा त्यानं सांगितलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

मीनलचं वाणसामान रोज सकाळी फिरायला जातं. अनीशच्या पाठपिशवीत आज नऊ किलो: तूरडाळ पाच, तांदूळ तीन, साबुदाणा एक. माझ्या पिशवीत चार, फक्त हरभराडाळ. पिशव्या मी काट्यावर घेतो, रचना तो करतो. तूरडाळ पाठीला चिकटून, साबुदाणा बाहेर. मीनल दारात उभी राहून म्हणाली, "पहिल्या वाढदिवसाला गुळानं तोलला, आता तूरडाळीनं." बोलताना तिचा आवाज मधेच बारीक झाला. तेलबिल काही नव्हतं गॅसवर.

घेतलेल्या रजेतले पंधरा दिवस तसेच आहेत. ते इकडेच वापरतोय.

२८ डिसेंबर, शनिवार

अनीश तेरा किलो. मी सहा. साबुदाण्याची पिशवी फाटली. बेडोकच्या बाजूनं पाऊण किलोमीटर साबुदाणा सांडत गेलो, मागे मैना जमल्या. अनीश इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. एका सफाई कामगार काकांनी आम्हांला झापलं, आम्ही दोघांनी झाडू मागून घेतला.

५ जानेवारी, रविवार

श्रिया क्लेमेंटीहून आली. सकाळी चौघंही निघालो. लिफ्टमध्ये अनीशनं पाटीवर बोट ठेवलं. आठ माणसं, पाचशे पंचेचाळीस किलो.

"बाबा, टोटल?"

मी सांगायला लागलो. चौऱ्याऐंशी, एकसष्ट, छप्पन...

"माझे सदुसष्ट धर," मीनल लिफ्टच्या दाराकडे बघत म्हणाली.

अडुसष्ट, शिवाय त्याची पिशवी पंधरा, माझी आठ. दोनशे अठ्ठ्याण्णव. आरामात बसलो. चौघं एकदम एका वाहनात बसून कुठं गेलो असू, तर ते हे नऊ मजले.

७ जानेवारी, मंगळवार

अनीशला पोचवून आलो.

पासिर रिसपर्यंत एमआरटीची मेट्रो, तिथून बस, मग बोटीनं टेकाँग. आईबापांना बेटावर येऊ देतात. मुलांच्या खोल्या दाखवल्या, पलंग, कपाटं, भिंतीला लावलेल्या फील्ड पॅकची रांग. मी एक उचलून बघायला पुढे झालो तर सार्जंटनं "सर, प्लीज" म्हटलं. मुलांनी हात वर करून शपथ घेतली. सगळ्यांचे चेहरे एकसारखे दिसत होते, तरी मीनलनं त्याला तिसऱ्या रांगेत लगेच ओळखलं. मेसमध्ये सगळ्यांनी एकत्र जेवण घेतलं, त्यानं माझ्या ताटातली काकडी उचलून खाल्ली, लहानपणी खायचा तशी. मग त्यांना रांगेत नेलं. त्यानं मागे वळून पाहिलं, हात केला, आणि डोक्यावर टोपी नीट केली. परतीच्या बोटीत सगळे आईबाप फोनकडे बघत बसले होते, कुणाच्याच फोनवर काही नव्हतं.

या सगळ्याच्या आधीचं एक लिहायचं राहिलं.

सकाळी निघताना त्याची बॅग मी सवयीनं काट्याला लावली. चार किलो दोनशे. इतकंच न्यायचं असतं, बाकी ते देतात. ती मी उचलली. तो म्हणाला, "बाबा, आय कॅरी." मी म्हटलं, "राहू दे." तीन महिने मी फक्त वजनांची बेरीज करत होतो, त्याचं म्हणून उचललेलं असं हे पहिलंच. त्यानं राहू दिलं.

बसमध्ये मीनल आणि श्रिया पुढच्या बाकावर, आम्ही दोघं मागे. बॅग माझ्या मांडीवर. रात्रभर त्याला झोप लागली नव्हती. लोयांगच्या वळणावर त्याचं डोकं डुलायला लागलं आणि हळूच माझ्या खांद्यावर टेकलं. बसमध्ये त्याच्या वयाची बरीच मुलं होती. मला वाटलं, जाग आली की दचकून सरळ बसेल.

त्याला जाग आली. तो सरळ बसला नाही.

"नोज वेट, बाबा," डोळे न उघडता म्हणाला. "टेन पर्सेंट ओन्ली."

मिठाची बरणी आणि चमचा. तेव्हा मान वर केली नव्हती त्यानं.

"येऊ दे," मी म्हणालो. खांद्याला रग लागली होती, पण जेटी येईपर्यंत मी हललो नाही.